कोंबडीएवढा डायनोसॉर

कॅम्पवरचे किस्से धोतराला लागलेल्या कुसळांसारखे. चालताना कळत नाही, घरी येऊन बसलं की टोचायला लागतात! साठ सालाच्या आसपास पौडजवळ रस्त्याची पाहणी चालली होती. मी नकाशे काढायचो, दामलेसाहेब दगड तपासायचे.

साहेबांना पूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात इवलीशी हाडं सापडली होती. "अगदी सुरुवातीचा डायनोसॉर! कोंबडीएवढा!" असं ते सांगत. मुळशीचा दगड लाव्हाचा, त्यात हाड सापडायचं नाही. म्हणूनच साहेबांची बदली इथं केली, असं आम्ही म्हणायचो.

*

दगड झालेलं हाड जिभेला चिकटतं. त्यामुळे दिसेल तो खडा चाटायची साहेबांना सवय. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाईनं एकदा पाहिलं. म्हणाली, "सायेब, भाकर हाय माज्याकडं. दगुड नगा खाऊ!"

साहेबांनी ती भाकरी घेतली. सकाळपासून खरंच काही खाल्लं नव्हतं.

*

डायनोसॉरच्या खुब्याच्या हाडात, मांडी बसते तिथं, आरपार भोक असतं. मगरीच्या नसतं. साहेबांचा सगळा पुरावा म्हणजे ते भोक! हेड ऑफिसच्या वरिष्ठांनी हाड उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "दामले, माती काढताना तुमच्याच सुईनं पडलंय हे."



*

दामलेवहिनी एकदा पुण्याहून आल्या. "कोंबडीएवढ्या जनावरापायी दिवाळीला घरी आला नाहीत!"

"आणि हत्तीएवढं असतं तर?"

"तर लोकांना सांगता तरी आलं असतं!"

*

शेवटी एक परदेशी तज्ज्ञ हाडं हातात घेऊन बघायला तयार झाला. साहेब पोरासारखे हसले. तंबूत उंदीर फार, म्हणून त्यांनी हाडं मडक्यात घातली, पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलं आणि मडकं मागच्या आंब्याला टांगलं. त्याच आठवड्यात त्यांना टायफॉइड झाला. मी त्यांना पुण्याला नेलं.

साहेब बरे झाल्यावर आम्ही परतलो तर आंब्याला मडकं नव्हतं. कॅम्पचा राखणदार धोंडिबा समोर आला. डोक्याचं मुंडण केलेलं.

"सायेब, तुमी दुखण्यात. मडकं तसंच लोंबतंय. किती दिस जीव टांगून ठेवायचा? मुळा नदीत सोडलं. पिंडबी मीच ठिवला. कावळा लगीच शिवला!"

साहेब खाली बसले. मला ओरडावंसं वाटत होतं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

धोंडिबा हळूच म्हणाला, "हाडं लई बारकी व्हती. लेकरू व्हतं का?"

"हो," साहेब म्हणाले. "माझंच."