पट्ट्यांचा रोबो आणि ताम्हण

नौपाड्यातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून सोल्डरिंगचा वास आला की मला कॉलेजचं ते प्रदर्शन आठवतं. पहिल्यांदाच काहीतरी बनवलेलं, रणगाड्यासारखा पट्ट्यांवर चालणारा छोटासा रिमोटचा रोबो. वायरी जोडताना बोटं भाजलेली, पण डोंबिवलीच्या आमच्या घरात तो उंबरठा चढून गेला तेव्हा आई हातातलं लाटणं ठेवून बघत राहिली. प्रदर्शनाला मुलींना साडी सक्तीची होती. पाहुणे दारात आले आणि सर म्हणाले, "अगं, तू ताम्हण घे, रिमोट त्याला दे." तो म्हणजे माझा पार्टनर, ज्याने रोबोवर फक्त स्टिकर लावलेले. "कार्पेटवर जागच्या जागी वळवू नकोस रे, पट्टा निघतो," असं सांगून मी ओवाळायला गेले. त्याने गर्रकन वळवला आणि पट्टा निघाला. सर पाहुण्यांना हसत म्हणाले, "मुलीने बनवलाय, सांभाळून घ्या." मी ताम्हण ठेवून पट्टा बसवेपर्यंत पाहुणे पुढच्या टेबलाशी गेलेले. आता मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मशीन डिझाइन करते. परवा मोठे साहेब येणार होते, तर आदल्या दिवशी ऑफिसातून मेसेज आला, 'मॅडम, उद्या साडी नेसून या, ओवाळायचंय.' मी नेसून गेले.