माठाखालचं कडं

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. फोन त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी म्हणे बराच वेळ टेबलावर बोटं आपटत होतो, आणि तीही बेताल. बेताल हा शब्द माझ्या बायकोचा, पण खरा आहे. माझ्या हाताला ताल नाही हे सगळ्या बदनापुराला ठाऊक आहे. त्या बेताल हाताचा एका चांगल्या कादंबरीला किती उपयोग झाला, हे मात्र कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं बदनापूरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. तो मराठीचा, मी गणिताचा. तो परतूरकडच्या आष्टीचा, मी घनसावंगीचा. आमच्या घरी मेंढरं होती, त्यामुळं संगीत म्हणजे माझ्या लेखी मेंढरं हाकताना तोंडानं काढायचा आवाज. आणि खोलीत जोडीदार मिळाला तो हा असा! स्टेशनजवळच्या हॉटेलात तबकडी लागली की चहा गार झाला तरी ती संपेपर्यंत हा उठायचा नाही. जालन्याला कव्वाली असली की शाळा सुटल्या सुटल्या गाडी पकडायचा. लग्नाचा बँड रस्त्यानं निघाला की नवरा-नवरी कोण हे माहीत नसताना पार मांडवापर्यंत मागं जायचा, आणि एकदोनदा तर जेवूनही आला. लिहायचंही त्याचं तसंच. उजव्या हातात पेन, डावा हात टेबलावर ठेका धरून. मी वह्या तपासत असायचो आणि त्या ठेक्यानं माझी बेरीज चुकायची. वैताग यायचा, पण त्याला थांब म्हणायला जीभ रेटायची नाही.

कादंबरी होती एका डफडं वाजवणाऱ्या माणसाची. एक प्रकरण झालं की संध्याकाळी तो मला समोर बसवायचा. तो वाचणार आणि मी टेबलावर ठेका धरणार. माझा हात अडला की तो वाक्यावर काट मारायचा. कितीतरी सुंदर वाक्यं माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी चिडून म्हणालो, अरे, गाणं कळणारा एखादा माणूस धर, शाळेत तबला वाजवणारे आहेत की. तो हसला. "त्यांचा हात तयार हाय. वाक्य लंगडलं तरी ते सांभाळून घेत्यात. तू बिलकुल सांभाळत न्हाईस. तुझा हात चालला म्हंजे वाक्य बराबर." हा गौरव होता की अपमान हे मला आजही ठरवता आलेलं नाही, पण मी तो गौरव म्हणून घेतला.

त्याचे वडील कचरूबाबा कधी खोलीवर आले की मात्र तो डावा हात खिशात जायचा. एरवी तोंडानं सतत चालणारं गुणगुणणंही बंद. याचं कारण मला आष्टीला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. कचरूबाबांनी अर्धं आयुष्य गावाचं डफडं वाजवलं होतं. लग्न असो, पोळा असो, हाक आली की जायचं, मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं आणि मिळेल ते पदरात घेऊन यायचं. धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी डफड्याचं कातडं फाडून टाकलं. लोखंडी कडं तेवढं ठेवलं आणि पाण्याच्या माठाखाली बैठक म्हणून घातलं. त्यानंतर त्या घरात कुणी साधं ताटही वाजवलं नाही. पोरगा शिकला, मास्तर झाला, बाबांची छाती भरून आली. आणि हा पोरगा त्याच डफड्यावर पुस्तक लिहीत होता... बापाला न सांगता. बाबांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं लपवणं सोपं होतं. पण पुस्तक छापून आलं तेव्हा सुखदेवची झोप उडाली. "त्यांनी गळ्यातून काढलेलं डफडं मीच परत त्यांच्या गळ्यात अडकवलं, असं त्यांना वाटलं तर?" असं तो मला रात्री उठवून विचारायचा.

पुस्तकाचा बोलबाला झाला आणि आष्टीनं सत्कार ठरवला. गावची मंडळी घरी आली, कौतुकानंच आली. मिरवणूक काढू म्हणाली, आणि पुढं कचरूबाबांचं डफडं ठेवू, म्हणजे जुनी शान येईल. आपण काय बोलतो आहोत याचा पत्ताही नव्हता त्यांना. सुखदेवचा चेहरा उतरला. तो सत्काराला नाही म्हणणार, तेवढ्यात बाबा बोलले. मिरवणूक नको, डफडं तर नकोच, पण कार्यक्रमाला येऊ. आपल्याला फक्त पहिल्या रांगेत खुर्ची पाहिजे. मंडळी बरं म्हणून गेली.

शाळेच्या मैदानात सगळं गाव जमलं होतं. पहिल्या रांगेत खुर्चीवर बाबा, पांढऱ्या स्वच्छ धोतरात, ताठ. मी त्यांच्या मागं. सुखदेव वाचायला उभा राहिला तो डावा हात खिशात घालूनच. मांडवाबाहेर उन्हात वाजवणाऱ्या माणसाचं प्रकरण त्यानं काढलं आणि मी कपाळावर हात मारला. वाचन पार आडवं झालं. मला तोंडपाठ असलेली वाक्यं धडपडत होती, मागं पोरं चुळबुळ करू लागली, कुणीतरी उठून चाललं. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मग ते उठले. मला वाटलं, संपलं, निघाले घरी... पण ते थेट व्यासपीठावर चढले. टेबलावरचा हार त्यांनी बाजूला सारला, खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. "वाच. ठेका मी धरतो."

आयोजकांपैकी एकजण हरखून पुढं झाला आणि डफडं मागवू का म्हणून विचारू लागला. बाबांनी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं.

"न्हाई. डफडं तुमचं होतं. ठेका माझा हाय."

सुखदेवचा हात खिशातून बाहेर आला. इतक्या वर्षांनी बाबांच्या तळव्यांनी टेबलावर पहिली थाप दिली आणि वाक्यं अशी काही उभी राहिली की विचारू नका. गेलेले परत येऊन बसले. आमच्या मागं बाया उभ्या राहिल्या, म्हातारे काठी आपटून साथ देऊ लागले. ठरलं होतं एक प्रकरण, पण सुखदेवनं शेवटच्या पानापर्यंत मजल मारली, ज्यात तो माणूस वाद्य खाली ठेवतो आणि मोकळ्या हातांनी घरी निघतो. मी लाज न बाळगता रडलो. परत निघताना जीपमध्ये सुखदेवची बोटं बापादेखत मांडीवर चालली होती, आणि बाबा बाहेर बघत म्हणाले, "जरा दमानं. घाई करून राह्यला तू." जीपमधल्या त्या सुखदेवएवढा आनंदी माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. पुढं सुखदेवनं आणखी कादंबऱ्या लिहिल्या, मानसन्मान मिळाले, पण आपला सत्कार एकदाच झाला असं तो शेवटपर्यंत सांगायचा.

परवा पुण्यानुमोदनाला त्याच्या बदनापूरच्या घरी गेलो. बुद्धवंदना झाली. कोपऱ्यात माठ होता आणि त्याच्याखाली तेच कडं. कचरूबाबांच्या मागं सुखदेवनं ते आष्टीहून आणलं होतं. प्रज्ञानं मला त्या माठातलं पाणी दिलं, मग पुस्तक उघडून टेबलाशी बसली आणि म्हणाली, काका, ठेका तुम्ही धरा. मी म्हटलं, अगं पोरी, माझा हात कसा आहे तुला माहीत आहे. ती म्हणाली, "म्हणूनच. बाबांनीच सांगून ठेवलंय."

मी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. ती वाचत गेली... शेवटचं पान संपेपर्यंत माझा हात एकदाही अडला नाही.