अक्कांच्या पाठीवरचा डाग

"आधी दार लोट, मग बोल," असं अक्का म्हणायच्या. भरताच्या वांग्यांचा भाव सांगायलाही त्यांना बंद दार लागे. देवपूरची आमची गल्ली त्याला हसत असे. मीही हसे.

मुलांनो, आमच्या भागातून मुंबईला जाऊन चित्रकला शिकलेली पहिली मुलगी म्हणजे या अक्का. गल्लीला मात्र त्या लग्नघराच्या भिंतीवर गणपती काढून देणाऱ्या बाई म्हणूनच ठाऊक होत्या. बोलावलं की निमूट जायच्या. त्यांचा गणपती जरा रागावलेला दिसे.

त्यांची साठी उलटल्यावर पुण्याहून एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. मुंबईतल्या कुठल्याशा गोदामात तिला अक्कांचं जुनं चित्र सापडलं होतं. त्यावरून ती माहितीपट करणार होती आणि तो दूरदर्शनवर लागणार होता. मी पेढे आणायला निघाले, तर अक्कांनी माझा हात धरला.

चित्रात न्हाऊन बसलेली बाई होती. उघडी पाठ, खांद्याखाली भाजल्याचा डाग. ती पाठ समोरच्या घरातल्या सिंधूची, अक्कांच्या बालमैत्रिणीची. लग्नाआधी ती चित्रासाठी अक्कांसमोर बसली होती. सिंधूचा नवरा, ज्याला आम्ही आबा म्हणायचो, भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिंतीवर फेकणारा माणूस. लग्नानंतर तो डाग फक्त त्यानेच पाहिलेला.

"चित्र वगळ म्हटलं तर ती पोरगी म्हणते, मग फिल्मच नाही," अक्का म्हणाल्या. "जन्मभर वाट पाहिली गं मी याची. पण तो तिला जिवंत ठेवायचा नाही."

पुढे काय ठरवलं ते त्यांनी मलाही सांगितलं नाही.

माहितीपट लागायच्या संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या टीव्हीसमोर जमली. आबा पुढच्या खुर्चीत, सिंधू मागे बायकांत, अक्का दारापाशी. पडद्यावर चित्र आलं. आबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

ही बाई कोण, असं पडद्यावर त्या मुलीने विचारलं.

"मीच. लहानपणी भाजलं होतं," टीव्हीतल्या अक्का म्हणाल्या. स्वतःची पाठ दिसली कशी, असं मुलीने विचारलं. "दोन आरसे लावले होते."

त्या काळी टीव्हीत सांगितलेलं लोकांना खरंच वाटे. आबांनी मान वळवून अक्कांकडे रोखून पाहिलं. डाग आपल्या ओळखीचा आहे, हे चारचौघांत त्यांना बोलता येईना. "काही लाजलज्जा?" एवढंच म्हणून ते उठले. बायकाही पदर सावरत उठल्या. अक्कांशी कुणी बोललं नाही.

कप गोळा करायच्या निमित्ताने सिंधू मागे राहिली. बाहेरून आबांची हाक आली, दुसरी आली. त्या दोघी आपसात अहिराणीच बोलत, 'आहे'ला 'शे' म्हणत.

"अक्का, तुनी पाठवर तं डाग नव्हता."

"नव्हता," अक्का म्हणाल्या. "आते शे."