सासऱ्यांच्या नावाचा देव

अत-बाशीच्या त्या खोऱ्यात सून घरात आली की सगळ्यात आधी तिचं नाव जातं. बुरूलचं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गेलं. सासू तिला 'केलिन' म्हणायला लागली, म्हणजे नुसतं 'सूनबाई', आणि मग शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. तिने स्वतः तर सासरच्या कोणत्याच वडीलधाऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नव्हतं. थोरल्या दिराचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. त्यामुळे लोखंडी बादली हवी असली की ती दुकानात 'ती कडक बादली द्या' म्हणायची आणि दुकानदार मुद्दाम विचारायचा, "कडक म्हणजे? उकडलेली का?" असला चावटपणा गावातल्या सगळ्याच सुनांच्या वाट्याला यायचा.

तेमिरचं एक वेळ निभावलं. पण सासऱ्यांचं नाव होतं ईसा, आणि तिकडे येशूलाही ईसाच म्हणतात. बुरूलच्या जन्माची पंचाईत इथे झाली.

तिचा नवरा झोलदोश लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रशियात बांधकामावर गेला. आधी फोन यायचे, मग कुणाच्या तरी हाती निरोप, आणि पुढे तेही बंद. त्याने तिकडेच संसार थाटल्याची बातमी आली तेव्हा सासू, उमसुनाई तिचं नाव, पीठ मळता मळता म्हणाली, "पुरुषाची जात. फिरेल आणि येईल." बुरूलने माहेरी फोन केला. आई म्हणाली, "तू परत आलीस तर तुझ्या धाकट्या बहिणींना कोण विचारणार गं?" झालं, दोन्ही दारं बंद. त्यातच सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग गेलं. त्यांना उचलणं, धुणं-पुसणं, भरवणं सगळं बुरूलकडे आलं, कारण सासूचे गुडघे कधीच कामातून गेले होते. हिवाळ्यात बर्फ खिडकीला लागायचं. घर, गोठा, शेण्यांचा ढीग आणि पुन्हा घर, एवढंच तिचं जग. गोठ्यातल्या गायीला निदान नावाने हाक तरी मारतात, असं तिच्या मनात यायचं.

गावातलं दूध गोळा करायला राखत एजे यायची. एजे म्हणजे थोरली बहीण; सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. विधवा बाई, तोंडाची फटकळ, आणि गावातल्या मूठभर ख्रिस्ती माणसांपैकी एक. एका सकाळी तिला बुरूल गोठ्यात रडताना सापडली. काय झालं, का झालं, काही न विचारता ती बादली पालथी घालून शेजारी बसली.

"तुझं नाव काय गं?"

बुरूलला क्षणभर आठवावं लागलं. "बुरूल."

"हां. तर बुरूल, एक जण आहे, तो तुला ह्याच नावाने ओळखतो. केलिन-बिलिन नाही. बुरूल."

एवढंच बोलून ती दूध घेऊन निघून गेली. बुरूल मात्र दिवसभर ते वाक्य घोळवत राहिली. पुढे रोज दूध मोजता मोजता राखत एजे येशूच्या गोष्टी सांगायची, त्याने कुणाकुणाला हात लावला, कुणाच्या घरी जेवला, कुणासाठी रडला. बुरूल गोठ्यात प्रार्थना करू लागली. फक्त नाव घ्यायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. ती 'ते' म्हणायची, 'धनी' म्हणायची.

"अगं, देवाला हाक मारतेस की नवऱ्याला?" राखत एजे हसून हसून खोकायला लागायची.

कामं काही बदलली नाहीत. शेण तेच, म्हाताऱ्याचे कपडे तेच. पण हा म्हातारा आपल्यावर लादलेला नाही, आपल्या हाती सोपवलेला आहे, असं बुरूलला वाटू लागलं, आणि त्या वाटण्याने तिच्या अंगात बळ आलं. त्यांचं तोंड पुसताना ती आता त्यांच्याकडे बघायची.

जूनमध्ये ओढ्यावर बाप्तिस्मा ठरला. राजधानी बिश्केकहून मेलिस नावाचा तरुण पाळक आला होता. सासूला बाजाराचं सांगून बुरूल कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उभी राहिली. मेलिसने विचारलं, "तुझा विश्वास कोणावर आहे?"

तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "आमच्या सासऱ्यांच्या नावाचे जे आहेत ना... त्यांच्यावर."

काठावरच्या बायका पोट धरून हसल्या. मेलिस हसला नाही. शहरात वाढलेला मुलगा. त्याची बायको त्याला भर रस्त्यात नावाने हाक मारायची. तो म्हणाला, "बुरूल एजे, ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्यासाठी तुम्ही कशा उभ्या राहणार? पुढच्या उन्हाळ्यात बघू." बुरूल ओली तशीच काठावर आली. सगळ्यांदेखत तिची पुरती शोभा झाली होती.

ती घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती.

"देव बदललास तो बदललास," उमसुनाई कडाडली, "वर माझ्या नवऱ्याचं नाव त्याला देऊन बसलीस?"

"आपा, मी नाव घेतलंच नाही." सासूला ती आपा म्हणायची.

"म्हणून तर अजून घरात उभी आहेस! ज्या दिवशी ते नाव तुझ्या तोंडून निघेल, त्या दिवशी तुझं बोचकं बाहेर. मग जा तुझ्या त्या देवाच्या घरी नांदायला!"

म्हातारा गोधड्यांवर पडून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी उमसुनाई शेजारी गेलेली बघून त्याने वाकड्या तोंडाने हाक मारली, "केलिन. तुझा देव म्हणे माझ्या नावाचा आहे?"

"हो, अताके." सासऱ्यांना ती असंच म्हणायची.

"मग त्याला हाक कशी मारतेस?"

"मारतच नाही."

म्हातारा इतका हसला की तोंडातला चहा दाढीवर आला. बुरूलने तो पुसला. मग हसू आवरून तो छताकडे बघू लागला. "माझी आई गेल्यापासून ह्या घरात मला कुणी नावाने हाक मारलेली नाही," तो म्हणाला. "तुझी सासू म्हणते 'अहो, ऐकलंत का'. ट्रॅक्टरवर होतो तेव्हा पोरं लांबून ओरडायची, 'ईसा, डिझेल आलं रे!' ती सगळी गेली कबरस्तानात. तू म्हण. माझी परवानगी आहे. एकदा कानावर पडू दे."

घरात कुणी नव्हतं. एका श्वासाचं काम होतं. पण सासूच्या पाठीमागे घेतलेलं नाव पुढे कायम लपवावं लागलं असतं, आणि आपल्या धन्याचंही असलेलं ते नाव चोरून घ्यायचं तिच्या जिवावर आलं.

"आपांच्या माघारी नको, अताके."

"मग राहिलंच ते," म्हातारा म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

बुरूल गोठ्यात जाऊन रडली. तिला सासूचा राग आला, मेलिसचा आला, स्वतःचा आला, आणि खरं सांगायचं तर आपल्या धन्याचाही आला. एवढ्या नावांतून त्याला नेमकं हेच मिळालं?

थंडीच्या तोंडावर राखत एजेने निरोप आणला. बिश्केकला शिवणकामाच्या कारखान्यात जागा होती, राहायची सोय होती. "चल निघ. तिथे दिवसभर घे त्याचं नाव, कोण अडवतंय?"

बुरूल रात्रंदिवस त्यावर विचार करत होती. शेवटी म्हणाली, "अताकेंना उचलायला घरात दुसरं कुणी नाही."

"म्हणजे अडकलीस."

"अडकले तर आहेच, एजे. पण आजवर दुसऱ्यांनी अडकवलं होतं. हे मी त्याला विचारून ठरवलंय."

राखत एजेने चरवी उचलली आणि निघताना पहिल्यांदाच तिला जवळ घेतलं.

मार्चमध्ये एका दुपारी म्हाताऱ्याला दुसरा झटका आला. डोळे मिटले ते उघडेनात. नातेवाइकांना कळवलं, पण खिंडीत बर्फ होतं. उमसुनाई त्याचा हात चोळत बसली. "अहो, ऐकलंत का? अहो! चहा केलाय. अहो!" म्हातारा हलेना. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती आणि दर वेळी तिचा आवाज बारीक होत होता.

मग तिने बुरूलकडे बघितलं. "तू हाक मार त्यांना. नावाने. त्यांनी तुला सांगितलं होतं ना? मी दाराशीच होते त्या दिवशी. तू नाही म्हणालीस तेही ऐकलंय."

इतके दिवस जे हवं होतं ते सासूने स्वतः पुढे केलं होतं. नाव अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"आपा, त्यांना माझ्या तोंडून ऐकून काय मिळणार? मी तर परवाची आलेली. तुम्ही मारा हाक."

"मी? लाजेने मरेन मी!"

"मी हात धरते तुमचा."

म्हातारीने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. दोनदा खाकरली. मग इतकं हळू म्हणाली की चुलीवरच्या किटलीचा आवाज त्याहून मोठा होता. बुरूलने तिचा हात घट्ट दाबला.

"ईसा," म्हातारी म्हणाली. मग मोठ्याने, "ईसा!"

म्हाताऱ्याचा उजवा डोळा अर्धवट उघडला. "ओ," तो म्हणाला. स्वच्छ, शेताच्या पलीकडून द्यावी तशी ओ दिली त्याने.

"ऐकलंस? ओ दिली गं त्यांनी!" उमसुनाई रडत होती आणि हसत होती. ती पुन्हा पुन्हा त्याला नावाने हाका मारत राहिली. त्याने पुन्हा ओ दिली नाही, पण डोळा तिच्यावरच होता. बाहेर उन्हं उतरली तेव्हा त्याचा श्वास थांबला.

म्हातारीने त्याचे डोळे मिटले, हनुवटी फडक्याने बांधली. मग तिने विचारलं, "तू तुझ्या त्या देवाला रोज अशी हाक मारतेस?"

"अजून एकदाही नाही, आपा."

"एकदाही नाही?"

"घर तुमचं आहे."

उमसुनाईने रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "वेडी का काय तू? हाकच मारली नाहीस तर तो ओ कशी देणार?" अंगणात घोड्यांची चाहूल लागली होती, खिंड ओलांडून नातेवाईक पोचत होते. "मार. माणसं आत यायच्या आधी मार."

बुरूलने डोळे मिटले आणि आपल्या धन्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली. सासू तिच्या शेजारी श्वास रोखून बसली होती. तिलाही ओ ऐकायची होती.