न ऐकता केलेल्या सह्या

ठकीची आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. सकाळी सातपासून उभी. घडी घालण्याआधी प्रत्येक चादर झटकायची, कुठे सुई तर अडकली नाही ना बघायचं, मग गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर सही. बारा वर्षांत न झटकलेल्या गठ्ठ्यावर तिनं कधी सही केली नव्हती, आणि हे ती ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत सांगायची. घरी येईतो पायांत गोळे आलेले असायचे. नवरा गेल्यापासून स्वयंपाक तिचा, ठकीचा अभ्यास तिचा, आणि लेकीला देवाच्या वाटेवर ठेवायचं तेही तिच्या एकटीच्याच डोक्यावर.

चर्चच्या रविवारच्या शाळेत नऊ वर्षांच्या ठकीला एक कार्ड मिळालं होतं. आठवड्याला बायबलमधलं एक वचन पाठ करायचं. घरच्या मोठ्या माणसानं ते ऐकायचं, अर्थ विचारायचा आणि चौकटीत सही करायची. ज्याचं कार्ड वर्षभर भरेल, त्यानं मोठ्यांच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा. ठकीचा सगळा जीव त्या वाचनात अडकला होता. आरशासमोर उभी राहून ती पाळकसाहेबांसारखी खाकरायचीसुद्धा.

शेवटच्या महिन्यात मात्र आईनं हात टेकले. ठकी वचन म्हणायला लागली की दुसऱ्या ओळीलाच आईचा डोळा लागे. एका शनिवारी तिनं कार्ड ओढलं, उरलेल्या चारही चौकटींत एकदम सह्या ठोकल्या आणि म्हणाली, "पाठ कर म्हणजे झालं. मला आता नको छळू." ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर ठकीही ढेपाळली. लहान मूलच ते.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी पालक मागच्या बाकांवर बसले होते. वर्गाच्या बाईंनी ठकीचं कार्ड हातात घेतलं, कौतुक केलं आणि सहज म्हणाल्या, "मागच्या आठवड्याचं म्हणून दाखव बरं."

ठकी उभी राहिली. वर बघितलं, खाली बघितलं. "आईला म्हणून दाखवलं होतं," ती म्हणाली. "आत्ता विसरले."

"होतं असं," बाई म्हणाल्या. "आईची सही आहे ना, मग प्रश्नच मिटला. पुढच्या रविवारी तू वाचायचंस."

पोरगी खोटं बोलली होती, आणि तेही आईची अब्रू झाकायला. गप्प बसलं तर सगळं गोडीनं निभणार होतं. आणि आईला गप्पच बसायचं होतं, इतकी ती दमली होती. पण मग देव, खरेपणा असलं काही लेकीला पुन्हा कुठल्या तोंडानं सांगणार? ती बाकाला धरून उठली.

"बाई, ती विसरली नाही. तिनं म्हटलंच नव्हतं. मी न ऐकता सह्या केल्यात, चारही."

बाईंनी कार्ड बाजूला ठेवलं. वाचन दुसऱ्या मुलीकडे गेलं.

घरी जाताना ठकी दहा पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "मी तुला सांभाळून घेतलं होतं. आणि तूच सांगितलंस, सगळ्यांसमोर."

"चूक माझी होती, बाळा."

"मग शिक्षा मला का?"

 

संध्याकाळी दोघी रोजच्यासारख्या गुडघे टेकून बसल्या. आईनं आधी देवाची क्षमा मागितली, मग लेकीची, मोठ्यानं. मग ठकीची पाळी आली. तिनं बाईंसाठी प्रार्थना केली. वाचन मिळालेल्या मुलीसाठी केली, ती अडखळू नये म्हणून. शेजारच्या आजारी आजोबांसाठी केली, त्यांच्या लंगड्या मांजरासाठीसुद्धा. आईचं नाव काही आलं नाही.

आई डोळे मिटून वाट बघत राहिली. मनात नाही ते देवापुढे ओठांवर आणायचं नाही, हे लेकीला तिनंच शिकवलं होतं. तरी लागलं, फार लागलं. ठकी थांबली, तशी आई म्हणाली, "आमेन."