तीनशेविसावं पान

सकाळपासून धुकं असं बसलं होतं की समोरचा दिव्याचा खांबसुद्धा दिसेना. अशा हवेत बाइंडरचं डोकं फिरतं. खळ वाळत नाही, पुठ्ठा फुगतो आणि एरवी एका दिवसात दाबाच्या यंत्रातून निघणारी पुस्तकं दोन-दोन दिवस आतच मुक्काम ठोकतात. बाइंडरकाकांनी स्टोव्हवर खळीचं पातेलं चढवलं, किडीसाठी चिमूटभर मोरचूद टाकलं आणि ढवळता ढवळता आतल्या दाराकडे पाहून सुस्कारा सोडला.

पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे स्वयंपाकघर, आणि मधल्या दारावर एक कागद. लेकीच्या अक्षरातला. ‘एक पुस्तक वाचून पूर्ण, तर एक रविवार मटण. एरवी डाळ, भाजी, फळं. वर्षात पुस्तकं बारा. परीक्षक : आई.’ काकांनी तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्याच खळीने चिकटवला होता. त्यामुळे तो जन्मात निघणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. बापाचं रक्त तिनेच काढलं, तिनेच तपासलं, आणि रिपोर्ट हातात घेऊन घरी आली ती कमरेवर हात ठेवूनच. “बाबा, हे रक्त आहे की लोणी? नळीतून खाली यायला तयार नाही.” तीन महिने जिभेला आवर घाला, नाहीतर गोळ्या सुरू, असं डॉक्टरांचं म्हणणं. पुस्तकांची अट मात्र तिची स्वतःची. चौतीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या आपल्या बापाने एकही पुस्तक पुरतं वाचलेलं नाही, हे तिला लहानपणापासून खुपत होतं.

तसं काकांनी वाचलं नव्हतं असंही नाही. पुस्तक शिवताना सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक ठेवायचे, आणि प्रत्येक फर्म्याची पहिली ओळ नजरेखालून जायचीच. त्यामुळे त्यांना हजारो पुस्तकांची सतरावी, तेहेतिसावी, एकोणपन्नासावी पानं माहीत. सत्त्याण्णवाव्या पानावर कुणीतरी मेलेलं असायचं आणि काकांना तो जन्मल्याचाच पत्ता नसायचा.

पहिल्या महिन्यात त्यांनी एका सशाची गोष्ट वाचून मटण मागितलं. चाळीस पानं, त्यातली निम्मी चित्रांची.

“शंभर पानांच्या खाली पुस्तक धरायचं नाही,” परीक्षक म्हणाल्या.

“असं कुठे लिहिलंय?”

काकूंनी लेखणी घेतली आणि कागदावर तिथल्या तिथे लिहिलं.

मग चार रविवार कोरडे गेले. भोपळा झाला, कोबी झाला, शेंगा झाल्या. काका ताटाकडे असे बघायचे जसं कुणी चुकून दुसऱ्याचं टपाल घरात टाकलंय. आणि नेमकी त्याच सुमारास वाचनालयाच्या गठ्ठ्यातून ती कादंबरी आली. नऊशे साठ पानं. शिवण उसवलेली, कणा मोडलेला, हातात घेतली की पोटातलं सगळं मांडीवर. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या होत्या, “हिला जरा नीट बांधा, लोक विचारत असतात.”

काकांनी फर्मे मोजले. साठ. विसाचे तीन ढीग घातले, आणि मग त्यांच्या डोक्यात जो प्रकाश पडला तो बाइंडरच्याच डोक्यात पडू शकतो. एकाच्या जागी तीन पुस्तकं बांधली तर? नीट बांधा असंच सांगितलंय. एवढं जाड बाड पुन्हा उसवणारच. तीन भाग, तीन कणे, तीन रविवार!

पहिला भाग त्यांनी पहाटे उठून, खळ शिजता शिजता वाचला. परीक्षा झाली.

“शेवट काय?” काकूंनी विचारलं.

“ती धक्क्यावर उभी. बोट निघाली.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“असेच शेवट असतात हल्ली,” काकू म्हणाल्या, आणि रविवारी मटण शिजलं. काकांनी हाडंसुद्धा अशी चोखली की मांजर पायरीवरून उठून गेलं.

पहिला भाग बाकीच्या गठ्ठ्याबरोबर वाचनालयात गेला. घाईत बाईंनी जुना नंबर बघितला आणि फळीवर ठेवून दिला. इथपर्यंत सगळं सुरळीत. पण त्या वाचनालयाची सगळ्यात हावरट वाचक म्हणजे खुद्द काकू, आणि धक्क्यावर उभी राहिलेली ती बाई काही त्यांच्या डोक्यातून जाईना. परवा त्यांनी तो भाग वाचनालयातून घरी आणला.

आज धुकं विरत आलं तसं आतून पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग उघडल्याचा. मग काकू दारात.

“अहो.”

“हं.”

“‘बोट धक्क्यापासून सुटली. तिने मागे वळून पाहिलं, तर’.”

काकांचा हात पातेल्यात थांबला.

“तर काय?” काकू म्हणाल्या. “पुढे कोरा कागद आणि तुमचा पुठ्ठा! वाक्य तरी पुरं करायचं होतं!”

“विसावा फर्मा तिथेच संपतो. तीनशेविसावं पान,” काका पुटपुटले. मजकूर कुठे तुटतो हे बाइंडरला दिसत नाही, त्याला फर्मे दिसतात.

“म्हणजे हे एक पुस्तक नाहीच! एका पुस्तकाचा तुकडा दाखवून मटण खाल्लंत?”

“पण वाचलं तर खरं ना?”

“दुसरा भाग कुठाय?”

दुसरा भाग दाबाशेजारी होता, कालच वाचून झालेला. त्याच्या जोरावर काकांनी येत्या रविवारची स्वप्नं रंगवली होती. तिसरा त्यांच्या बैठकीखाली, पंचेचाळीस पानं वाचून खूण घातलेला. काकूंनी दुसरा उचलला, आणि बैठकीखाली वाकून तिसराही ओढून काढला.

“तो नको! माझा चाललाय!”

“चालू दे. मी भरभर वाचते. शनिवारपर्यंत दोन्ही संपवीन. मग शेवट काय झाला ते सांगू का तुम्हाला?”

“शपथ आहे!” काका जवळजवळ ओरडले. चौतीस वर्षांत कुठल्या पुस्तकाच्या शेवटासाठी त्यांचा जीव असा टांगणीला लागला नव्हता. “रविवार नको मला. बुडाला तर बुडाला. तेवढा शेवट सांगू नकोस.”

काकू बघतच राहिल्या. मटणावर पाणी सोडणारा हा माणूस त्यांनी नवीनच पाहिला.

“मग तीनही उसवा, आणि एक करा,” त्या जरा नरमाईने म्हणाल्या. “वाचनालयाच्या बाईंना कळलं तर पुढचा गठ्ठा मिळायचा नाही.”

“करतो. पण पुस्तक एक झालं की आधी कोणी वाचायचं?”

हा प्रश्न खरा होता. शेवटी ठरलं की आधी वाचून संपवायचं, मग शिवायचं. काकू दुसरा भाग मनात वाचतील, तोवर काका तिसऱ्याला हात लावणार नाहीत. मग तिसरा भाग सकाळी काका मोठ्याने वाचतील आणि काकू शेंगा मोडतील.

लेक डबा न्यायला आली तेव्हा तिने तिघांची ताटं वाढली. भाजलेलं वांगं, लसूण घातलेली डाळ, गाजराचे काप. काकांनी वांगं दुसऱ्यांदा घेतलं.

“अजून वाढू?” तिने विचारलं.

“वाढ. पण कागदावर लिहू नकोस.”

“परवाचा रिपोर्ट आलाय, बाबा. आता निदान ओतता येतं.”

काका खूश झाले, पण लक्ष कुठे होतं! काकू जेवता जेवता डाव्या हाताने पानं उलटत होत्या आणि मध्येच “अगंबाई” म्हणाल्या.

“काही विचारू नकोस, माझ्या तोंडून पुढचं निसटेल!” काका म्हणाले, आणि हात धुऊन पुढच्या खोलीत पळाले. खळ पातेल्याच्या तळाला धरू लागली होती. त्यांनी आच कमी केली, पळी घेतली आणि गाठी मोडत ढवळू लागले.