जंक्शन म्हणजे मनमाड

मार्चमधल्या एका मंगळवारी दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या घरी हे वारले.

लेक इंग्लंडमध्ये, लीड्सला नोकरी करते. गाडीच्या इंजिनाने वेगळा आवाज केला, की ती बाबांना फोन करायची. हे इंग्लंडला कधी गेले नव्हते, तरी नकाशा पाहून तिला मँचेस्टरपर्यंतचा मोटरवे सांगायचे. हायवेवरून बाहेर पडायच्या फाट्याला इथल्या सवयीने त्यांच्या तोंडात ‘एक्झिट’ यायचं.

“बाबा, इट्स जंक्शन हिअर.”

“जंक्शन म्हणजे मनमाड! तुझ्या जंक्शनला चहा तरी मिळतो का?”

मग त्या रस्त्यावरच्या प्रत्येक जंक्शनला दोघं मनमाडच म्हणू लागली.

गेल्या महिन्यात तिने मला फोन केला. मँचेस्टरला जाताना इंजिनचा पिवळा दिवा लागला म्हणून ती पेट्रोल पंपावर थांबली होती. “आई, बाबा काय म्हणाले असते?” ती चक्क मराठीत बोलत होती. इंजिनातलं मला काही कळत नाही. मी विचारलं, “किती मनमाड राहिलेत?”

“दोन,” ती म्हणाली आणि रडू लागली.

मेकॅनिक येईपर्यंत आम्ही फोन ठेवला नाही. आता ती रस्ता फोनमधल्या नकाशाला विचारते आणि पोचली की मला कळवते.